रीत सांगण्याच्या आधी

छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. जायकवाडीचा नाथसागर तुडुंब भरलेला असला तरी शहरात पाणी पाळीने येते, मधले काही दिवस कोरडे जातात. गारखेडा परिसरातल्या पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत जलकुंभ वस्तीतच उभा आहे, पण तिथेही गच्चीवरची टाकी, दाराजवळचा ड्रम आणि हंडे-कळशा यांचा हिशोब घर चालवणाऱ्या बाईच्या डोक्यात सतत चालू असतो. धुणे आज काढायचे की पाण्याच्या दिवसापर्यंत थांबायचे, पाहुणे येणार असतील तर टँकर सांगायचा का, पाळी एक दिवस पुढे गेली तर काय, हे सगळे ती कागद-पेन न घेता ठरवते. अशाच घरातले मूल चौथीच्या वर्गात भागाकार शिकते. ७०० भागिले ५ हे उदाहरण ते बिनचूक सोडवते, वहीत बरोबरची खूण मिळवते. पण घरात ७०० लिटर पाणी आहे, पुढची पाळी पाच दिवसांनी आहे, पहिल्या दोन दिवसांत ३६० लिटर संपले, आता उरलेले दिवस रोज किती वापरायचे आणि पाळी एक दिवस लांबली तर किती, असे त्याला विचारले की पुष्कळदा उलट प्रश्न येतो: ‘बाई, यात वजाबाकी करायची की भागाकार?’

हा प्रश्न मुलाच्या मंदपणातून येत नाही. आपण गणित ज्या क्रमाने शिकवतो त्या क्रमातून येतो. आधी रीत सांगायची, फळ्यावर दोन उदाहरणे सोडवून दाखवायची, तशीच वीस वहीत करून घ्यायची आणि वेळ उरलाच तर शेवटी शाब्दिक उदाहरणांकडे वळायचे. ती शाब्दिक उदाहरणेही त्याच प्रकरणातली असतात, त्यामुळे भागाकाराच्या प्रकरणाखाली भागाकारच करायचा हे मुलाला मजकूर न वाचता कळते. कोणती क्रिया करायची आणि का, हे ठरवण्यातच सगळा विचार होता. ते काम प्रकरणाच्या शीर्षकाने आधीच उरकलेले असते. मुलाच्या वाट्याला आकडे उचलून रीत चालवणे तेवढे उरते. मला जे म्हणायचे आहे ते असे की समस्या सोडवणे हा आकडेमोड पक्की झाल्यावर द्यायचा पुढचा धडा नव्हे, आणि हुशार मुलांसाठी राखून ठेवायचा खुराकही नव्हे. पहिलीपासून, वर्गातल्या प्रत्येक मुलासाठी, बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकारात शिरण्याचा दरवाजा समस्या हाच असला पाहिजे. रीत नंतर यावी, मुलांनी स्वतः केलेल्या खटपटीवर हात ठेवून यावी.

शाळेतले गणित आणि जगण्यातले गणित एकमेकांपासून किती तुटू शकते याचा पुरावा आता भरपूर आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ, लिंबे विकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. मुले अवघी पाच होती, पण निष्कर्ष डोळे उघडणारा होता. गाडीवर, गिऱ्हाईक म्हणून विचारलेल्या हिशोबांत त्यांची ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशोब कागदावर शाब्दिक उदाहरणे म्हणून दिल्यावर प्रमाण ७४ टक्क्यांवर आले आणि नुसते आकडे मांडून दिल्यावर ३७ टक्क्यांवर. पाच मुलांवरून फार बोलू नये, हे मान्य. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा जो अभ्यास आला तो आपल्याच देशातला आहे आणि पुष्कळ मोठा आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुले आणि ४७१ शाळकरी मुले त्यात होती. बाजारातली मुले अवघड व्यवहार तोंडी करत होती, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेली साधी उदाहरणे त्यांना अडवत होती. शाळकरी मुलांचे नेमके उलट होते: पाटीवरचे जमत होते, बाजारातले नाही. या दुसऱ्या अर्ध्या निष्कर्षाकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेले नाही आणि शाळेच्या दृष्टीने तोच जास्त जिव्हारी लागणारा आहे. बाजारातल्या मुलाला शाळेची रीत येत नाही याचे खापर गरिबीवर, गैरहजेरीवर फोडता येईल. जे मूल रोज वर्गात बसले, ज्याने रीत घोटली, त्याला तीच रीत दुकानात वापरता येत नसेल तर त्याचा जाब शिकवण्यालाच द्यावा लागतो.

या तुटण्याची सुरुवात प्राथमिक शाळेतच होते. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे १९७९-८० च्या सुमारास दुसरी-तिसरीच्या वयाच्या मुलांना एक प्रश्न विचारण्यात आला: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ पैकी ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांची काहीतरी जुळवाजुळव करून उत्तर दिले. गणिताच्या तासाला प्रश्नात अर्थ शोधायचा नसतो, आकडे शोधायचे असतात, हे ती मुले तोवर शिकून चुकली होती. आपल्याकडे या शिकवणीला पद्धतशीर मदत मिळते. ‘एकूण’ आले की बेरीज, ‘उरले’ आले की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आले की भागाकार, अशी युक्ती कित्येक वर्गांत आणि जवळजवळ सगळ्या शिकवण्यांत सांगितली जाते. हेतू चांगला असतो; मुलाला भीती वाटू नये, उत्तर यावे. पण ‘रेश्माने ७ गोट्या भावाला दिल्यावर तिच्याकडे १२ उरल्या, तर आधी किती होत्या?’ या प्रश्नात ‘उरल्या’ आहे आणि करायची आहे बेरीज. ज्या मुलाने गोष्ट डोळ्यांसमोर आणली ते १९ सांगेल, ज्याने शब्द पकडला ते ५ सांगेल. आणि ५ सांगणाऱ्याला आपले काय चुकले हे कळणारही नाही, कारण त्याने सांगितलेला नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

आपल्या परंपरेत या गोष्टीची जाण नव्हती असे नाही. संभाजीनगरच्या शेजारची देवगिरी ही यादवांची राजधानी. यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या चांगदेवाने, म्हणजे भास्कराचार्यांच्या नातवाने, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला. तिथला शिलालेख इ.स. १२०७ च्या सुमाराचा आहे. त्या ग्रंथांतल्या ‘लीलावती’त आधी सूत्र येते आणि मग उदाहरण, त्यामुळे माझ्या बाजूचा साक्षीदार म्हणून तिला ओढून आणणे बरोबर होणार नाही. तरी तिच्यातली उदाहरणे पाहावीत. भुंग्यांचा थवा, तळ्यातले हंस, वाऱ्याने मोडलेला वेळू, सापावर झेपावणारा मोर. प्रत्येक ठिकाणी शिकणाऱ्याला आधी प्रसंग उभा करावा लागतो आणि मग त्यातले गणित बाहेर काढावे लागते. पंतोजींच्या शाळेतली पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी ही घोकंपट्टी होतीच, आणि ती छडीच्या धाकाने होत असे. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तिच्या पलीकडच्या टोकाला बाजार होता. सव्वा शेर धान्याचे पैसे किती, हे सवायकी पाठ असलेला मुलगा त्याच आठवड्यात वापरत होता. आधुनिक शाळेने पाठांतर ठेवले, बाजार बाहेर ठेवला आणि त्याच्या जागी सरावसंच आणला. औटकी गेली याचे दुःख नको. पाठांतराला जो उपयोग चिकटलेला होता तो गेला, हे नुकसान मोठे आहे.

इथे हमखास येणारा आक्षेप असा: ज्यांना वजाबाकी येत नाही त्यांना समस्या कुठून सोडवता येणार? पाया पक्का होऊ द्या, मग बघू. या आक्षेपामागची चिंता खरी आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिकण्याचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार पाचवीतल्या फक्त ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले. पुंडलिकनगर शहरात आहे, आणि शहरातले आकडे थोडे वेगळे असतील. चित्र मुळातून वेगळे असेल असे मानायला आधार नाही. पण हा आकडा आक्षेपाच्या बाजूने बोलतो की विरुद्ध? ही मुले समस्या सोडवत बसल्यामुळे भागाकारात मागे राहिलेली नाहीत. ती ‘आधी पाया’ याच क्रमाने शिकलेली आहेत. पाच वर्षे पायाच भरला आणि दहातल्या सातांचा भरला गेला नाही. तेव्हा आणखी थोडा वेळ तोच क्रम चालू द्या, हे उत्तर असू शकत नाही.

शिवाय क्रिया शिकवल्याशिवाय मूल समस्येला हात घालू शकत नाही, हे गृहीतच चुकीचे आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या थॉमस कार्पेंटर, एलिझाबेथ फेनेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बालवर्गातल्या ७० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांना गुणाकार-भागाकाराची औपचारिक ओळखही नव्हती, पण वर्षभर त्यांच्याशी गोष्टीच्या रूपातल्या समस्यांवर काम झाले होते. नऊ समस्या दिल्या. त्यांत वाटणीच्या, गटांच्या, बाकी उरणाऱ्या समस्याही होत्या. जवळजवळ निम्म्या मुलांनी नऊही समस्यांना योग्य वाट काढली. कशी? गोष्टीत जे घडते ते मण्यांनी, बोटांनी, रेघांनी करून पाहिले. २० पोळ्या ४ ताटांत वाढायच्या तर एकेक पोळी वाढत गेली. यात भागाकाराची रीत नाही, पण भागाकार पूर्ण आहे. त्याआधी १९८९ साली याच गटाने पहिलीच्या ४० शिक्षकांबरोबर केलेला प्रयोग तर आक्षेपाच्या मुळावरच येतो. ज्या शिक्षकांना मुले समस्यांचा विचार कसा करतात हे समजावून दिले होते, त्यांनी वर्गात समस्यांना जास्त वेळ दिला आणि नुसत्या बेरीज-वजाबाकीच्या घोकण्याला कमी. वर्षाअखेर त्यांची मुले समस्या सोडवण्यात पुढे होतीच. तोंडी बेरीज-वजाबाकी चटकन सांगण्यातही मागे पडलेली नव्हती, उलट सरस होती. कमी घोकून जास्त लक्षात राहिले, कारण जे लक्षात ठेवायचे होते ते कशाशी तरी जोडलेले होते.

याचा अर्थ पाढे सोडून द्यावेत असा कोणी काढला तर ते मला मान्य नाही. पाढे पाठ हवेत, वजाबाकी हातच्यासह सफाईने यायला हवी, आणि त्यासाठी सराव लागतोच. प्रश्न एवढाच की सराव कशाच्या पोटात बसवायचा. याचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका शाळामास्तरांनी देऊन ठेवले आहे. देवळालीला शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ च्या सुमारास ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला आणि त्यांचे नाव जगभर गेले. त्यातलाच तीन अंकी प्रकार तिसरी-चौथीला सहज पेलतो. तिन्ही अंक सारखे नसलेली कोणतीही संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा, वजा करा. येईल त्या संख्येला पुन्हा तेच; ९९ आले तर ते ०९९ धरा. ३५२ घेतली तर ५३२ वजा २३५ म्हणजे २९७, मग ९७२ वजा २७९ म्हणजे ६९३, मग ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४, आणि ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५. पुढे कितीही करा, ४९५ च येते. वर्गातल्या चाळीस मुलांनी चाळीस वेगळ्या संख्या घेतल्या तरी सगळी ४९५ वर येऊन थांबतात. जे थांबत नाही त्याच्या वजाबाकीत कुठेतरी हातचा चुकला आहे, आणि तो शोधायला बाईंची गरज नाही, ते मूल स्वतःच शोधते. मधला अंक नेहमी ९ च का येतो, हे कुणीतरी विचारतेच. हातच्याच्या पाच-पाच वजाबाक्या प्रत्येकाने केल्या, सरावसंचापेक्षा कमी नव्हेत. पण इथे प्रत्येक वजाबाकीला पुढे काय होते हे पाहण्याची ओढ आहे.

दुसरा आक्षेप शिक्षणशास्त्रातूनच येतो आणि तो जास्त गंभीर आहे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क यांनी २००६ साली असे मांडले की नवशिक्या मुलाला मार्गदर्शनाशिवाय शोध घ्यायला सोडले की त्याच्या मर्यादित स्मरणावर इतका ताण येतो की शिकणे घडतच नाही. त्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे जास्त उपयोगी पडतात. आधी समस्येशी झुंजू द्यावे आणि मग शिकवावे या मताचे मोठे पुरस्कर्ते मनू कपूर. त्यांनी तन्मय सिन्हा यांच्याबरोबर २०२१ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. मोठ्या मुलांत हा क्रम फायद्याचा ठरतो असे त्यात दिसले. पण दुसरी ते पाचवीच्या मुलांत कल उलटा निघाला, आणि कोणत्याही विषयाला न बांधलेली सर्वसाधारण कौशल्ये शिकवण्यातही उलटाच. प्राथमिक शाळेत समस्या आणू पाहणाऱ्याने हा निष्कर्ष बाजूला सारून चालणार नाही. दिवसभर मुलांना गटात बसवून ‘तुम्हीच शोधा’ म्हणणारा वर्ग या पुराव्यापुढे टिकत नाही. मूल आपले ज्ञान स्वतः घडवते असे मानणाऱ्या ज्ञानरचनावादाच्या नावाखाली आपल्याकडे असे काही वर्ग भरले. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या शाळांत शिक्षकांनी मेहनतीने जे उभे केले त्याची अनेक ठिकाणी फरशीवरच्या रंगीत आखणीपुरती नक्कल झाली, हेही आपण पाहिले. ‘समस्या समजून घ्या, योजना आखा, ती राबवा, उत्तर तपासा’ या जॉर्ज पोल्या यांच्या १९४५ सालच्या पुस्तकातल्या चार पायऱ्या तक्त्यावर लिहून पाठ करून घेतल्या तर तेही याच पुराव्याविरुद्ध जाईल. पोल्या यांनी त्या स्वतः विचार करू लागलेल्या माणसासाठी लिहिल्या होत्या. चौथीच्या पेपरात ‘समस्या सोडवण्याच्या पायऱ्या लिहा, ४ गुण’ म्हणून विचारण्यासाठी नव्हेत.

पण हा पुरावा नेमके काय नाकारतो हे नीट पाहावे लागेल. मुलाच्या आवाक्याबाहेरचा प्रश्न देऊन त्याला एकटे सोडणे तो नाकारतो. विस्कॉन्सिनच्या वर्गांत असे घडत नव्हते. तिथल्या समस्या मुलांना हाताने करून पाहता येतील अशा होत्या, आणि शिक्षक गप्प बसलेले नव्हते. कोणाची वाट आधी मांडायची, कोणाची नंतर, हे ते ठरवत होते. जपानमधल्या आठवीच्या वर्गाचे जे वर्णन जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हायबर्ट यांच्या १९९९ सालच्या पुस्तकाने जगापुढे आणले त्या धर्तीवर काम करणाऱ्या प्राथमिक वर्गांतही तासाला एक समस्या असते, मुलांना ठरावीक मिनिटे मिळतात आणि तासाचा मोठा भाग शिक्षकाने चालवलेल्या चर्चेत जातो. सिंगापूरने १९९० च्या दशकारंभी अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी समस्या ठेवल्या, पण त्याबरोबर मुलांच्या हातात राशी पट्ट्यांच्या चित्राने दाखवण्याचे एक पक्के साधनही दिले. म्हणजे मार्गदर्शन हवेच. ते समस्येच्या आधी सगळे ओतून संपवायचे नाही. लहान मुलांसाठी झुंज छोटी हवी, सात-आठ मिनिटांची, आणि तिचा शेवट शिक्षकाच्या स्पष्ट सांगण्याने व्हायला हवा.

असा तास पुंडलिकनगरच्या एखाद्या दुसरी-तिसरीच्या वर्गात कसा दिसेल? समजा शिक्षिकेने सांगितले: सिटी बसमध्ये ४३ माणसे होती, गजानन महाराज मंदिराच्या चौकात १८ उतरली, चढले कोणी नाही, आता बसमध्ये किती? वहीत उभी मांडणी अजून शिकवलेली नाही. काही मुले ४३ रेघा मारून १८ खोडतील. कोणी ४३ तून दहा जाऊन ३३, मग तीन जाऊन ३०, मग पाच जाऊन २५ असे मागे येईल. कोणी १८ पासून पुढे चालेल: २० ला दोन, ४३ ला आणखी तेवीस, म्हणजे २५. एखादी चलाख मुलगी २० उतरवून २३ करेल आणि जास्त उतरवलेले दोघे परत चढवेल. आणि वर्गात दोन-चार मुलांचे उत्तर नक्की ३५ असेल, कारण ३ तून ८ जात नाहीत म्हणून त्यांनी ८ तून ३ काढले. हे ३५ त्या तासाचे खरे भांडवल आहे. शिक्षिकेने ते लाल शाईने खोडले तर ती मुले पुढच्या उदाहरणातही तेच करतील. तिने फळ्यावर लिहून विचारले की ३५ बसमध्ये आणि १८ खाली, मिळून किती, तर वर्गच सांगेल की ५३, आणि बसमध्ये तर ४३ च होते. यानंतर दशक सुटा करून हातचा घेण्याची रीत फळ्यावर आली की ती आकाशातून पडत नाही. ३३ आणि दहा सुटे ही फोड अर्ध्या वर्गाने आधीच आपापल्या परीने केलेली असते. या तासाला एकच उदाहरण झाले, पण वजाबाकीबद्दल जे कळले ते वीस उदाहरणांत कळले नसते.

मुलांना वाचताच येत नाही तर शाब्दिक उदाहरण कसे द्यायचे, या अडचणीचे उत्तर तुलनेने सोपे आहे: ते सांगावे, दोन मुलांना उभे करून घडवून दाखवावे. लिहिलेले उदाहरण वाचणे हे भाषेचे काम आहे आणि ते जमेपर्यंत गणिताचा विचार थांबवून ठेवायचे कारण नाही. अवघड आहे ते वेगळेच. सेमी-इंग्रजीच्या ओढीने शहरातल्या कित्येक मराठी शाळांत पहिली-दुसरीपासून गणित इंग्रजीतून चालते. ज्या भाषेत मूल ‘मी आधी वीस उतरवले, मग दोन परत चढवले’ हे सांगू शकत नाही, त्या भाषेत त्याच्याकडून विचार करून घ्यायचा म्हणजे त्याला आकड्यांच्या खुणांवरच अवलंबून राहायला भाग पाडणे. इंग्रजी संज्ञा हळूहळू येऊ द्याव्यात. समस्येबद्दलचे बोलणे चौथीपर्यंत तरी घरच्या भाषेतच झाले पाहिजे, याबाबत माझ्या मनात शंका नाही. २०१९ च्या जूनमध्ये मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दुसरीच्या पुस्तकात संख्या वाचण्याचा सोपा पर्याय दिला तेव्हा राज्यभर गदारोळ झाला. ‘वीस एक’ म्हणावे की ‘एकवीस’ यावर विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत सगळे बोलले. त्या संख्या हाती घेऊन मुलाने काय करावे अशी आपली अपेक्षा आहे, यावर तेवढे बोलणे झाले असते तर बरे झाले असते.

वेळ पुरत नाही, पालकांना भरलेली वही हवी असते, शिक्षकांच्या मागे मतदार याद्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याची कामे असतात, या तक्रारी खऱ्या आहेत. आठवड्यातल्या सगळ्या तासांची ही मांडणी बदला असे म्हणणे म्हणूनच फुकाचे ठरेल. आठवड्याला दोन तास पुरेत, आणि प्रत्येक नव्या क्रियेचा पहिला तास त्यांत असावा. खरा अडसर माझ्या मते परीक्षेत आहे. आपल्या शिष्यवृत्ती परीक्षेत गणित पहिल्या पेपरात प्रथम भाषेबरोबर येते आणि बुद्धिमत्ता चाचणी दुसऱ्या पेपरात, जणू गणिताला बुद्धी वेगळी लागत नाही. चार पर्यायांतून एक गोल रंगवायचा असल्याने मूल कुठून कसे गेले याला गुण नाहीत. या परीक्षेने गेल्या कित्येक दशकांत अनेक गरीब घरांतल्या मुलांना पुढे आणले, तिचा आदर ठेवायलाच हवा. पण तिच्यामुळे एक सवयही रुजली: वर्गातली निवडक आठ-दहा मुले जादा तासाला बसवायची, विचार करायला लावणारी उदाहरणे त्यांनाच द्यायची आणि बाकीच्यांना सरावसंच. गणितात मागे पडलेल्या मुलाला विचाराची गरज सर्वांत जास्त असते आणि त्यालाच ती सर्वांत कमी मिळते. रीत विसरली की पुढच्याच्या वहीत डोकावण्यापलीकडे त्याच्याकडे काही नसते. बस डोळ्यांसमोर आणून रेघा मारायला शिकलेल्या मुलाकडे परतीची एक वाट तरी असते.

बदलासाठी नवे परिपत्रक लागेल असेही नाही. २०१० पासून राज्यात आकारिक आणि संकलित मूल्यमापन आहे. त्यात तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम यांना गुण आहेत आणि ते कशाला द्यायचे हे शिक्षकाच्या हातात आहे. आज ते बहुधा वह्यांच्या नीटनेटकेपणाला आणि पाढे म्हणण्याला जातात. केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात, त्यांत पुष्कळसा वेळ सूचना वाचण्यात जातो. त्याऐवजी एका परिषदेत चार शाळांच्या शिक्षकांनी मिळून एकच समस्या निवडावी, महिनाभरात आपापल्या वर्गात ती घ्यावी आणि पुढच्या परिषदेला मुलांची उत्तरे, विशेषतः चुकलेली, घेऊन यावे. जपानी शिक्षक ज्याला धडा-अभ्यास म्हणतात तो याहून फार वेगळा नाही. संकलित चाचणीच्या पेपरात तीन गोष्टी घालता येतील. एक उदाहरण असे की ज्यात गरजेपेक्षा एक आकडा जास्त आहे. एक असे की ज्याचे उत्तर काढताच येत नाही, आणि का येत नाही ते एका ओळीत लिहायचे आहे. आणि एक उलटा प्रश्न: ४८ भागिले ६ हे लिहून दिले आहे, त्यावर गोष्ट तुम्ही रचा. पहिल्या चाचणीत अनेक मुले हे प्रश्न कोरे सोडतील आणि पालक विचारायला येतील की हे पुस्तकात कुठे आहे. त्यांना त्याच मुलाचा पुढच्या सत्रातला पेपर दाखवता यावा म्हणून पहिला जपून ठेवावा लागेल.